डबी जपली, हात जपले का?



जपानच्या जुन्या नक्षीदार डब्या आज संग्रहालयांत काचेआड दिसतात. उरुशी झाडाचा चीक लाकडावर थर देऊन चढवायचा, प्रत्येक थर वाळला की घासायचा, मग ओल्या नक्षीवर सोन्याची पूड भुरभुरायची. या कामाला ‘माकी-ए’ म्हणतात.

कारागीर गेला की डबी उरते, विद्या जाते. म्हणून जपानने १९५० च्या कायद्यात वस्तूंबरोबर कसबालाही राष्ट्राचा ठेवा मानले. १९५५ साली माकी-ए कारागीर मात्सुदा गोनरोकु यांना तसा मान मिळाला.

आपल्या सावंतवाडीचे लाखकाम आणि गंजिफाही बुडत चालली होती. तेव्हा शिवरामराजे भोसले स्वतः एका वृद्ध चिताऱ्याकडे शिकले. त्यांनी व सत्त्वशीलादेवींनी राजवाड्यातच कारागिरांना काम दिले. राजा कारागिराचा शिष्य झाला, म्हणून कला वाचली.

वस्तूचे मोल करायचे आणि ती घडवणाऱ्याला विसरायचे, हा न्याय आहे का? दूर कशाला, यवतमाळात आपण कापसाला ‘पांढरे सोने’ म्हणतो; तो वेचणाऱ्या बाईचे नाव तरी विचारतो का? नासरेथच्या लोकांनी प्रभूलाही सुतार म्हणून हिणवले होते. संत योसेफाने घडवलेली एकही वस्तू आज आपल्याजवळ नाही. तरी त्या हातांना आपण वंदन करतो.

या आठवड्यात सुतार, गवंडी कुणीही घरी आला, तर मजुरीची घासाघीस करण्याआधी त्याला बसायला सांगा. पाणी द्या. नाव विचारा.

आपला,
फादर