आपल्याआधी पोहोचलेलं पाणी

नागपूरच्या नंदनवन भागातून कुही-वेलतूरच्या रस्त्याने अंभोऱ्याला जाणारी कुटुंबं रविवारी हमखास भेटतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ, खाली वैनगंगा, कन्हान आणि आणखी तीन लहान नद्यांचा संगम. हरिनाथांची समाधी इथलीच. त्यांच्या परंपरेतल्या मुकुंदराजांनी शके 1110 मध्ये, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शंभरेक वर्षं आधी, ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला, असं गावकरी सांगतात. अंबाजोगाईकरांचाही तोच दावा आहे. वाद विद्वानांनी सोडवावा. त्या टेकडीवर उभं राहिलं की मी बिनशर्त अंभोऱ्याचा.

इथे 2024 मध्ये खुला झालेल्या पुलावर उंच गॅलरी आहे. तिथून दिसणारं अथांग पाणी गोसेखुर्द धरणाचं. पायाभरणी 1988 ची. त्या पाण्याखाली कुही, भिवापूर, पवनीकडची शेतं आणि गावठाणं आहेत. फोटोत ती येत नाहीत.

आणखीही एक गोष्ट येत नाही. नंदनवनाजवळून वाहणारी नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन पूर्वेला जाते, कन्हानला मिळते आणि कन्हान इथे वैनगंगेला. पूर्वी पुराबरोबर घाण निघून तरी जायची. आता पाणी तुंबतं, फुगवटा वर भंडाऱ्याकडे सरकतो आणि तिथले लोक नळाच्या पाण्याबद्दल तक्रारी करतात. संगमावर जाळं टाकणाऱ्या ढिवरांनी तर नागपूरकरांचं काहीच बिघडवलेलं नाही.

सहलीला गेल्यावर पत्रावळी, बाटल्या पिशवीत भरून परत आणणारे आता वाढलेत. चांगलंच आहे. पण सकाळी निघण्यापूर्वी आपल्याच न्हाणीघरातून सुटलेलं पाणी कुणाच्या पिशवीत भरायचं? पाणीपट्टी भरली की आपला हिशेब मिटतो, असं आपण धरून चालतो. पाणी घरात येईपर्यंत आपल्याला त्याची केवढी काळजी! मोरीतून उतरलं की ते कुणाचंच नसतं. आणि मग त्याच संगमावर हात जोडून आपण पुण्यही मागतो.

मतं मागायला उमेदवार दारी येतात, तेव्हा आपण रस्ता, दिवे, नळाचा दाब यांची चौकशी करतो. आपल्या गल्लीची गटारलाइन शुद्धीकरण केंद्रापर्यंत जाते की पुढच्या वळणावर नदीतच सुटते, हे विचारण्याची खरी गरज अंभोऱ्याच्या माणसाला आहे. त्याचं नाव मात्र नंदनवनच्या मतदार यादीत नाही.