आधी सांगणाऱ्याची बाजू

वर्गात दोन मुलांचे भांडण होते. त्यांतला एक धावत येऊन आधी तक्रार करतो. त्याचे रडणे, त्याचा फाटलेला खिसा पाहून आपले मन त्याच्याकडे झुकते. दुसरा नंतर येतो, तोवर तो आरोपी ठरलेला असतो. खोडी कोणी काढली, हे मात्र अजून कोणालाच ठाऊक नसते.

खलनायकालाच नायक करणाऱ्या मालिका पाहताना मला हे आठवते. व्हिन्स गिलिगन यांची 'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकन मालिका २००८ ते २०१३ या काळात ६२ भागांत दाखवली गेली. तिचा नायक वॉल्टर व्हाइट हा अल्बुकर्की शहरातला रसायनशास्त्राचा शिक्षक. पगार पुरत नाही म्हणून तो मोटारी धुण्याच्या ठिकाणीही काम करतो. पन्नाशीत त्याला फुप्फुसाचा कर्करोग निघतो. मुलगा अपंग, पत्नी गरोदर. त्यांच्यासाठी मागे काही राहावे म्हणून तो मेथ हा अमली पदार्थ बनवू लागतो. शिक्षकाला शिक्षकाचा कळवळा यायचाच, मलाही आला.

पण त्याचा हिशेब पाहा. कुटुंबाला किती लागेल, हे तो स्वतःच मोजतो : ७ लाख ३७ हजार डॉलर. पुढे त्याच्याजवळ ८ कोटी डॉलर जमतात. गरज केव्हाच भागली, सबब मात्र तीच राहिली. जुने मित्र उपचारांचा खर्च उचलायला तयार होते, तो घमेंडीने नाकारतो. साथीदाराची मैत्रीण नशेत गुदमरून मरत असताना तो नुसता पाहत राहतो. एका लहान मुलाला विष देतो. तरीही आपण मनातल्या मनात म्हणत असतो, हा पकडला जाऊ नये!

त्याला जाब विचारते ती त्याची पत्नी स्कायलर. पुढे तीही काळा पैसा पांढरा करण्यात ओढली जाते. पण अनेक प्रेक्षकांनी राग धरला तो तिने जाब विचारला म्हणून. ही भूमिका करणाऱ्या ॲना गन यांना २०१३ साली या द्वेषाविषयी वर्तमानपत्रात लेख लिहावा लागला. खुनी माणूस प्रिय आणि त्याला अडवणारी बाई नकोशी, हा कसला इन्साफ?

मग अशा मालिका पाहूच नयेत का? मला तसे वाटत नाही. गुन्हेगार आपल्यासारखाच दिसतो आणि सबबीही आपल्याच सांगतो, हे त्या दाखवतात. शेवटच्या भागात वॉल्टर पत्नीजवळ कबूल करतो की हे सारे त्याने स्वतःसाठीच केले. स्वतःची नियत ओळखायला त्याला एवढा काळ लागला. आपण तर त्याच्या शेजारी बसून सारे पाहत होतो; मग आपल्याला का लागला?

एखाद्याची बाजू ऐकणे म्हणजे त्याची बाजू घेणे नव्हे. हल्ली वर्गात तक्रार आली की मी आधी आलेल्याला पाणी देतो, बाकावर बसवतो आणि दुसऱ्याला बोलावून आणतो.