कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकताय?

एम.टेक.ला आहात ना? मग हे काय आणलंत माझ्यासमोर?

गिट लॉग उघडा. अख्ख्या सत्राचा प्रकल्प, आणि सगळे कमिट सबमिशनच्या आदल्या रात्रीचे. 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल'. तहान लागल्यावर विहीर खणायची आणि वर म्हणायचं, वेळ पुरला नाही. पुरला नाही की घालवलात? कॅन्टीनच्या ऑर्डरचं सॉफ्टवेअर करताय, तर एसआरएसमध्ये 'रुग्ण' कुठून आला? मागच्या बॅचचा दस्तऐवज उचललात. निदान एकदा वाचायचा तरी होता!

टेस्ट सगळ्या हिरव्या म्हणून सांगत होतात. एक उघडली मी. आत एकच ओळ, असर्ट ट्रू. ही नापास कधी होणार, सांगा. नापास होऊच शकत नाही ती टेस्ट तपासते काय? नुसत्या पाट्या टाकल्यात.

आणि तो कॅच ब्लॉक. पैसे वजा होतात तिथेच एक्सेप्शन येतं, तुम्ही ते पकडता, आणि आत रिकामं. लॉग नाही, मेसेज नाही. पोराचे पैसे गेले, ऑर्डर लागली नाही, स्क्रीनवर मात्र 'धन्यवाद'. विचारलं तर म्हणता, "सर, डेमोत तसं होत नाही."

डेमोत होत नाही म्हणून काय झालं? थेरॅक-२५ या किरणोपचाराच्या यंत्रावर सेमिनार कोणी दिला? तुम्हीच ना? १९८५ ते १९८७, सहा रुग्णांना किरणांचा भयंकर जास्त डोस, काहींचा जीव गेला. जुन्या यंत्रांत चूक झाली तरी अडवणारी हार्डवेअरची कडी होती. नव्यात ती काढली आणि सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला. स्क्रीनवर यायचं 'मालफंक्शन ५४'. म्हणजे काय, ऑपरेटरला कळायचा मार्ग नव्हता. एक की दाबून तो पुढे जायचा. हे फळ्यावर आकृती काढून तुम्ही समजावलंत, आणि छान समजावलंत. एरियान-५ सुद्धा तुम्हाला पाठ आहे. ४ जून १९९६, उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत रॉकेट फुटलं. एरियान-४ चा चालता कोड तसाच घेतलेला, ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही, आणि ते एक्सेप्शन हाताळलेलंच नव्हतं. परीक्षेत यावर पानं भरता. मग स्वतःच्या कोडमध्ये तेच भोक कसं ठेवता? माहीत नसतं तर मी पुन्हा शिकवलं असतं. माहीत असून केलंत, राग त्याचा आहे.

सबबी तर तयारच. पार्टनर काम करत नाही. मग आठव्या आठवड्यात का नाही सांगितलंत? कोड एआयने लिहून दिला. वर नाव कोणाचं आहे? एक ओळ तरी समजून घेतलीत? कंपनीत गेल्यावर शिकू. अहो, कंपनीत पहिल्या महिन्यात खऱ्या माणसांच्या पैशांचा कोड हातात येईल. तिथे कोणावर शिकणार?

गेट देऊन इथवर आलात. डोकं आहे, म्हणून तर बोलतोय. नसतं तर सही करून मोकळा झालो असतो.

सोमवारी दहा वाजता लॅबमध्ये. तुमच्या कोडमधल्या पाच ओळी मी स्वतः बिघडवणार आहे. टेस्ट लाल झाल्या तर पुढची व्हायवा. नाही झाल्या तर प्रकल्प परत. मुदतवाढ मिळणार नाही.