साक्षी कोण, पाहुणे की कॅमेरा?

लग्न म्हटलं की हल्ली हॉल आणि केटररच्या जोडीने फोटोग्राफर ठरवावा लागतो. त्यात गैर काहीच नाही. पण ‘चांगला फोटो’ म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. गुरुजींना थांबवून, मंगळसूत्र दुसऱ्यांदा घालायला लावून काढलेला देखणा फोटो खरा, की घाईत टिपलेला, जरासा हललेला फोटो खरा?

आपल्याकडे विवाह अग्नीच्या साक्षीने होतो. आयर्लंडच्या कायद्यालाही साक्षीदार लागतात. तीन महिने आधी नोटीस द्यायची आणि लग्न लागल्यावर फॉर्मवर वधू-वर, लग्न लावणारी व्यक्ती आणि दोन साक्षीदार अशा सगळ्यांनी सह्या करायच्या. पण अग्नीने किंवा साक्षीदाराने “जरा इकडे बघा, पुन्हा एकदा करा” असं म्हटल्याचं ऐकिवात नाही! साक्षी पाहतो, घडवून आणत नाही. कॅमेरा मात्र बघता बघता दिग्दर्शक होतो.

मग कॅमेरा बंदच ठेवावा का? इथे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तसं म्हणणं परवडणारं नाही. स्वोर्ड्समधल्या लग्नाला नाशिकची आजी येऊ शकत नाही. कधी गुडघे आड येतात, कधी व्हिसा. लाइव्ह प्रक्षेपण ती बघेलही, पण तिला अल्बम मांडीवर घेऊन, एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारायचं असतं, “ही कोण गं?” न आलेल्या माणसांचाही लग्नावर हक्क असतो. फोटोग्राफर हे त्यांचे डोळे आहेत.

म्हणजे हा तिढा हजर आणि गैरहजर माणसांमधला आहे. मला त्यातून एक साधा नियम सुचतो. ज्या कृतीने लग्न लागतं, ती फोटोसाठी थांबवायची नाही आणि पुन्हा करायची नाही. सप्तपदीचं सातवं पाऊल पुन्हा टाकलं, तर ते आठवं होतं! घास भरवणं, उखाणा, घरच्यांचे ग्रुप फोटो हा कौतुकाचा भाग. तो हवा तितक्या वेळा करावा.

पण ‘रीटेक नाही’ म्हटलं की पूर्वतयारीची जबाबदारी आपल्यावर येते. आयरिश फोटोग्राफरला चर्चमधलं लग्न पाठ असतं. अंगठ्या केव्हा, शपथ केव्हा, हे त्याला सांगावं लागत नाही. अंतरपाट त्याने कदाचित पाहिलेलाही नसतो. आमच्या आयटीच्या धंद्यात, गरज काय ते धड न सांगता नंतर प्रोग्रामरला दोष देणारे क्लायंट पुष्कळ भेटतात. लग्नात तसं होऊ नये. विधींचा क्रम कागदावर लिहून द्यावा. मंगलाष्टकं संपताच अंतरपाट क्षणात दूर होतो आणि अक्षता पडतात, तेव्हा आधीच बाजूला जागा धरून उभं राहायला सांगावं. कन्यादानाच्या वेळी हातांइतकेच आई-वडिलांचे चेहरे महत्त्वाचे, हेही सांगावं. दोन्हीकडची माणसं ओळखणारा एखादा मामा किंवा मावशी त्याच्या सोबतीला द्यावी. आणि ऊन कुणासाठी थांबत नाही. डिसेंबरमध्ये इथे चारनंतर लगेच सूर्यास्त होतो, जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास. स्वोर्ड्सच्या किल्ल्यापाशी फोटो हवे असतील, तर हिवाळ्यात ते जेवणाच्या पंगतीआधीच उरकावेत.

आणखी एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही: फोटो कुणाचे? भारताच्या १९५७ च्या कायद्यानुसार, पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा. आयर्लंडच्या २००० च्या कायद्यात तो सर्वसाधारणपणे फोटोग्राफरचा. मात्र घरगुती कारणासाठी फोटो काढून घेणाऱ्याला, ते परवानगीशिवाय लोकांसमोर जाऊ नयेत, असा हक्क तोच कायदा देतो. म्हणून जाहिरातीसाठी फोटो वापरायचे की नाही, हे करारातच लिहून घ्यावं. पण पाहुण्यांचं काय? पाठवणीत रडणाऱ्या आत्याने कसलाच करार केलेला नसतो. तिचा फोटो जगाला दाखवण्याआधी तिला विचारावं, हे सांगायला कायदा कशाला हवा?

उरतो प्रश्न आपला, हजर असलेल्यांचा. गैरहजर माणसांची काळजी घ्यायला फोटोग्राफर नेमलेला आहे. आपल्याला बोलावलं आहे ते साक्षीला. फोन उंच धरून आपण फोटोग्राफरचं काम धड करत नाही आणि साक्षीदाराचंही नाही. उलट त्याच्या फोटोत नवरीच्या मागे फोनांचीच रांग येते. तेव्हा मंडळी, “सावधान” ऐकू आलं की फोन खिशात असू द्या. अक्षता टाकायला हात मोकळा हवा.