तात्पुरतं

आमच्या जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली शके १९१३ चं पंचांग आहे. ते तिथं तात्पुरतं ठेवलेलं आहे. म्हणजे ठेवलं तेव्हा तात्पुरतं म्हणून ठेवलं होतं. त्यानंतर आमच्या दोन्ही मुलांची शिक्षणं झाली, लग्नं झाली, थोरल्याला मुलगी झाली, आणि ती मुलगी आता त्याच टेबलावर भूमितीचे प्रमेय सोडवते. त्या पंचांगातले सगळे मुहूर्त टळून गेले, पण ते स्वतः काही टळलेलं नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत सौ. ते उपसून काढते, "कसला मेला हा कचरा!" असं म्हणते, रात्री टेबल डुगडुगतं, आमटी कलंडते, आणि पंचांग निमूटपणे मूळ स्थानी परत जातं. ते का ठेवलं होतं, हे आता घरात कुणालाच नक्की सांगता येत नाही. काढलं की आमटी सांडते, एवढंच ज्ञान उरलं आहे.

आता ही केवळ आमच्या घरची गोष्ट असती तर मी ती चारचौघांत सांगितली नसती. पण माझा आयुष्यभराचा व्यवसायच हा होता. मी ३२ वर्षं कॉम्प्युटरच्या क्षेत्रात काढली. हे वाक्य ऐकलं की समोरच्याच्या डोळ्यांत आदर दाटून येतो. मग मी पुढचं वाक्य बोलतो, "मेंटेनन्समध्ये होतो," आणि तो आदर ओसरून जातो.

आमच्या लग्नाच्या वेळी, बघण्याच्या कार्यक्रमात, भावी सासऱ्यांनी पोह्यांची बशी पुढे सरकवत विचारलं होतं, "म्हणजे नक्की काय करता आपण?"

"दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम दुरुस्त करतो."

"म्हणजे बंद पडलेले?"

"नाही, चालू असलेले."

सासरे रेल्वेत होते. चालू गाडी दुरुस्त करण्याची कल्पना त्यांना रुचली नसावी. "चालू असलेलं दुरुस्त कशाला करायचं?" त्यांनी विचारलं, आणि माझ्याकडे न पाहता माझ्या मामांकडे पाहिलं. मुलगी मिळाली, उत्तर मात्र मला त्या दिवशी देता आलं नाही.

खरं तर उत्तर तेव्हाही तयार होतं. मेयर लेहमन आणि लॅस्लो बेलाडी या दोघा संशोधकांनी आयबीएमच्या ओएस/३६० नावाच्या अवाढव्य प्रोग्रॅमचा, वर्षानुवर्षं तो कसा कसा वाढत गेला याचा, अभ्यास केला होता आणि १९७४ पासून पुढे लेहमनने त्याचे नियम मांडले होते. पहिला नियम असा की वापरात असलेला प्रोग्रॅम सतत बदलत राहावा लागतो, नाही तर तो दिवसेंदिवस निरुपयोगी होत जातो. प्रोग्रॅम काही दोरीसारखा झिजत नाही. तो आहे तिथंच असतो, भोवतालचं जग पुढे सरकतं. दुसरा नियम असा की प्रत्येक बदलाबरोबर गुंता वाढतो, आणि कुणी मुद्दाम बसून तो सोडवला नाही तर वाढतच राहतो. आमच्या आजीने हेच लुगड्याच्या ठिगळांबद्दल सांगितलं असतं. पण तिला कुणी विचारलं नाही आणि तिच्यापाशी ओएस/३६० नव्हतं. पुढे १९८० साली लिएन्ट्झ आणि स्वॉन्सन यांनी ४८७ संस्थांची पाहणी करून पुस्तक काढलं. मेंटेनन्सच्या एकूण कामात निव्वळ चुका दुरुस्त करण्याचा वाटा जेमतेम पाचवा हिस्सा निघाला. बाकी सगळं बदलत्या जगाची आणि वाढत्या मागण्यांची उस्तवार. हे त्या दिवशी तोंडावर आलं असतं तर पोह्यांबरोबर लाडूही मिळाला असता.

दुसऱ्याचा प्रोग्रॅम वाचणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलेलं नाही त्यांना कसं सांगावं? दिवंगत काकांच्या कपाटातल्या चिठ्ठ्या वाचण्यासारखंच ते. "रामभाऊ - ४० - मंगळवार." आता हे ४० रुपये रामभाऊंना द्यायचे की रामभाऊंकडून घ्यायचे? आणि कुठल्या मंगळवारी? मोजमापं करणारे लोक झाले, नाही असं नाही. थॉमस मॅककेब यांनी १९७६ साली प्रोग्रॅमला किती वाटा फुटतात हे मोजण्याची रीत काढली, आणि आकडा १० च्या वर गेला की सावध व्हा, असं सुचवलं. मी एकदा हौसेनं माझ्याकडच्या एका प्रोग्रॅमचा आकडा काढला. तो १४० निघाला. मी कागद फाडून टाकला आणि चहाला गेलो. पुढे बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी प्रोग्रॅममधला संशयास्पद भाग टिपून काढणारा प्रोग्रॅमच लिहिला. त्याचं नाव 'लिंट', म्हणजे कपड्यांना चिकटतो तो कापसाचा भुगा. विद्वान माणसाला खिशातल्या कचऱ्यावरून नाव सुचावं, हे मला फार आवडलं.

पण या सगळ्या चाळण्यांतून एक गोष्ट निसटतेच. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं? युनिक्सच्या १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीत एका अवघड जागी शेरा आहे: हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना तो उद्धटपणा वाटला. पुढे डेनिस रिची यांनी खुलासा केला की आम्हाला म्हणायचं होतं, "हे परीक्षेला येणार नाही." आणि खरी अडचण अशी होती की तिथं काय चाललंय हे आमचं आम्हालाही उमगलं नव्हतं! एवढ्या मोठ्या माणसाने एवढी स्वच्छ कबुली द्यावी, आणि आमच्या हौसिंग सोसायटीच्या सेक्रेटरींना पाण्याच्या टाकीचा हिशेब समजावून सांगताना घाम फुटावा! असो.

मला छळणारा प्रश्न मात्र निराळाच आहे. १९९२ साली वॉर्ड कनिंगहॅम यांनी घाईत उरकलेल्या प्रोग्रॅमला कर्जाची उपमा दिली. आज वेळ वाचतो, पण तो उसना असतो. वेळेवर फेडला नाही तर व्याज चढत जातं. उपमा उत्तम आहे. फक्त तिच्यात एक मेख आहे. ऋण काढून तूप प्यावं, हा सल्ला चार्वाकाच्या नावावर सांगितला जातो. पण निदान तिथं तूप पिणारा आणि ऋणको एकच आहे. आमच्या धंद्यात तूप एकजण पितो आणि कर्ज दुसराच फेडतो. तो दुसरा कोण, हे पहिल्याला ठाऊक नसतं. ज्याचं तोंड आपण कधी पाहणार नाही, त्याचं आपण काही देणं लागतो का?

तरुणपणी मी याचं उत्तर "छे!" असं दिलं असतं. किंबहुना दिलं होतं, आणि तेही लेखी.

१९८७ साली मी एका संस्थेच्या पेन्शनचा प्रोग्रॅम कोबोल भाषेत लिहीत होतो. एका ठिकाणी पेन्शनरचं वय मोजायचं होतं. वयासाठी मी दोन आकड्यांचा खण ठेवला. त्या काळी कॉम्प्युटरमधली जागा फार महाग असे, असं कारण मी पुढे बरीच वर्षं सांगत आलो. ते भारदस्त आहे. खरं कारण असं की संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते आणि मला ६.१२ ची कर्जत पकडायची होती. शिवाय शंभर वर्षं जगतो कोण?

मग १९९९ साल उजाडलं. जगभर एकच धांदल. साल दोन आकड्यांत लिहिण्याची सवय असल्यामुळे २००० उजाडताच कॉम्प्युटरला ते १९०० वाटणार होतं. आम्ही महिनोन् महिने ओळी चाळत होतो. चाळता चाळता माझ्यासमोर माझीच ती ओळ आली. मी तिला ओळखलं; तिनंही मला ओळखलं असावं. पण आम्हाला दिलेल्या यादीत 'साल' होतं, 'वय' नव्हतं. मी तिच्याखाली शेरा मारला, "टेम्पररी. नंतर पाहणे," आणि सवयीनं आद्याक्षरं टाकली. ३१ डिसेंबरच्या रात्री चहाचे थर्मास घेऊन आम्ही ऑफिसात बसलो. बारा वाजले. काहीही झालं नाही. पुढचा आठवडाभर सगळे म्हणत होते, "काय हो, उगाच बाऊ केलात!" विहिरीत पडलेलं पोर वर काढलं तर सत्कार होतो, विहिरीला कठडा बांधला तर वाट अडवली म्हणून भांडण होतं. आमचा कठडा होता. फक्त त्यात मी एक भोक ठेवून आलो होतो, आणि हे एकट्या मला ठाऊक होतं.

२०२३ साली, मी निवृत्त होऊन नातीला शाळेत सोडण्याच्या पूर्णवेळ नोकरीला लागलेला असताना, एका मुलीचा फोन आला.

"सर, तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमचा पेन्शनचा प्रोग्रॅम सांभाळते."

माझ्या पोटात खड्डा पडला. "अजून चालतोय तो?"

"चालतोय ना सर! एक ओळ विचारायची होती. खाली तुमची आद्याक्षरं आहेत. हे तात्पुरतं होतं असं लिहिलंय."

प्रकार असा झाला होता. दोन आकड्यांच्या खणात तीन आकडे कोंबले की कोबोल तक्रार करत नाही; डावीकडचा आकडा गुपचूप टाकून देतो. एका आजींनी शंभरी गाठली. १०० मधला एक गळला, आणि आजींचं वय शून्य झालं. अठराच्या खालचा लाभार्थी म्हणजे कायद्यानं अज्ञान. प्रोग्रॅमने नियमाप्रमाणे पेन्शन थांबवली, आणि आजींना पत्र धाडलं की आपण अज्ञान असल्याने अ.पा.क. म्हणून आपल्या पालकांची सही घेऊन यावे.

केंद्र सरकारच्या नियमात शंभरी गाठणाऱ्याला मूळ पेन्शनीइतकीच आणखी रक्कम मिळते. माझ्या नियमात आईबाप शोधून आणावे लागत होते.

मी मनाची समजूत घालायला लागलो. मोठमोठ्यांचंही असं झालेलं आहे. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर चाळीसेक सेकंदांत फुटलं, तेही अशाच खणापायी. एरियान-४ वर बिनबोभाट चाललेला प्रोग्रॅम तसाच उचलून नव्या रॉकेटवर बसवला होता. नवं रॉकेट अधिक वेगवान, त्यामुळे एक आकडा १६ बिटांच्या खणात मावेना. आणि गंमत म्हणजे उड्डाणानंतर प्रोग्रॅमच्या त्या भागाचं काही कामच नव्हतं! पण या समजुतीचा उपयोग होईना. कारण त्या मंडळींना आपली चूक दिसली नव्हती. मला दिसली होती. तीही खाली शेरा मारण्याइतकी स्पष्ट.

शेवटी मी त्या मुलीकडून निरोप पाठवला आणि पाव किलो पेढे घेऊन आजींना भेटायला गेलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या. ऐकायला कमी येत होतं, म्हणून मी जवळ जाऊन मोठ्यानं म्हणालो, "आजी, तुमचं वय शून्य करणारा माणूस मीच!"

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "शून्य कशाला केलंस रे मेल्या? सोळा करायचं होतंस!"

सगळे हसले. मीही हसलो, सुटल्यासारखा. मग पेढा हातात धरून त्या हळूच म्हणाल्या, "तीन महिने नातवाकडून पैसे मागून घ्यावे लागले बघ. तो देतो रे, नाही म्हणत नाही. पण हे गेल्यापासून मी कुणाकडे मागितलं नव्हतं."

परत येताना मी गाडीत हिशेब मांडला. मी ती ओळ लिहिली तेव्हा आजी चौसष्ट वर्षांच्या होत्या. तिच्याखाली "नंतर पाहणे" असं लिहिलं तेव्हा शहात्तर. ज्याचं तोंड आपण कधी पाहणार नाही असा जो कुणी 'पुढचा माणूस' मी मनाशी धरला होता, तो पुढच्या काळात नव्हताच. तो त्या वेळीही याच शहरात भाजी निवडत बसला होता. कदाचित ६.१२ च्या कर्जतला बायकांच्या डब्यात होता. 'नंतर' हे काळाचं नाव नसून माणसाचं नाव असतं, हे कळायला मला ३६ वर्षं लागली.

त्या मुलीने दुरुस्ती दहा मिनिटांत केली. ती तपासायला मात्र चार दिवस घेतले. आता वयाला तीन आकड्यांचा खण आहे. ९९९ वर्षांपर्यंत कुणाला काळजी नाही. मी तिला विचारलं, "खाली काय लिहिलंस?" ती म्हणाली, "काय बदललं ते नाही लिहिलं सर, ते दिसतंच. का बदललं ते लिहिलं. आजींबद्दल दोन ओळी आहेत." आमच्या ३२ वर्षांच्या नोकरीत हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. शिकवलं असेल तर मी त्या दिवशी लवकर निघालो असेन.

घरी आल्यावर पश्चात्तापाच्या भरात मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे सुताराला बोलावलं. म्हटलं, आता हे पंचांग काढायचं आणि टेबलाचा पाय एकदाचा नीट करून घ्यायचा. सुतार आला. त्याने टेबल उलटं केलं, चारही पाय मोजले, मग टेबल बाजूला ठेवून फरशीवर पाणी ओतलं आणि ते कुठं वाहतं हे पाहत उकिडवा बसून राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "टेबल चोख आहे. तुमची फरशीच उतरती आहे. ज्यानं कुणी हे पंचांग ठेवलं, त्याला कळत होतं."

मी सौ.कडे पाहिलं. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. पंचांग पुन्हा मूळ स्थानी गेलं. पण त्याआधी मी त्याच्या मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत लिहून ठेवलं: "हे काढू नये. टेबल सरळ आहे, फरशी वाकडी आहे." खाली तारीख घातली आणि आद्याक्षरं टाकली.

'तात्पुरतं' हा शब्द मात्र लिहिला नाही.