जपायचं कुणी, बघायचं कुणी

‘जुने वाडे जपले पाहिजेत.’ ‘बोली जपली पाहिजे.’ या वाक्यांत कर्ता नसतो, हे तुमच्या लक्षात आलंय का? कुणी जपायचं, ते कुठेच लिहिलेलं नसतं. व्याकरणात हे चालून जातं. घरात चालत नाही, कारण पावसाळ्याआधी धाब्यावर कुणालातरी चढावंच लागतं.

सध्या हा प्रश्न माझ्यापुढे कागदावर आलाय. शिंदखेड्यातलं आमचं घर धाब्याचं आहे. वडील गेल्यावर उताऱ्यावर वारस म्हणून माझंही नाव लागलं. आप्पांना, म्हणजे माझ्या काकांना, ते पाडून स्लॅबचं घर बांधायचंय आणि त्यासाठी माझी सही लागणार आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, वर्षातून तीन-चारदा गावी जातो. घर राहावं असं मला मनापासून वाटतं. पण या वाटण्याला हक्क म्हणायचं का?

ज्यांनी धाबं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जाड मातीच्या भिंती, वर सागवानी लाकडं, त्यावर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. मे महिन्यात बाहेर पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला तरी आत बसवतं. पण दरवर्षी पावसाआधी वर खारी माती टाकून धाबं दुरुस्त करावं लागतं. नाही केलं तर गळतं, आणि गळायला लागलं की लाकूड कुजतं. हे काम जाणणारे गावात फार उरलेले नाहीत. आप्पांनी साठी ओलांडली आहे. जुलैच्या रात्री उठून गळतीखाली पातेली ठेवायचं काम काकू करते. माझ्या वाट्याला या घराचे फोटो आले आहेत, आणि ते छान येतात. एकदा असाच फोटो मी इन्स्टावर टाकला, तेव्हा आप्पा म्हणाले, “फोटोले चांगलं शे भो, मंग ऱ्हावाले ये.” फोटोला चांगलं आहे, मग राहायला ये.

या एका वाक्यात जतनाचं अख्खं भांडण आहे. बघणारा एक आणि राहणारा दुसरा.

गोव्यात हेच भांडण मोठ्या प्रमाणावर चालू आहे. पणजीच्या फोंतेन्यश वस्तीत रंगीत भिंती आणि पोर्तुगीज वळणाच्या बाल्कन्या आहेत. तिथल्या रहिवाशांनी दारांवर ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लावल्या, कारण दिवसभर कुणीतरी त्यांच्या पायरीवर पोझ देऊन उभं असतं. पर्रा गावातला माडांचा रस्ता २०१६च्या सिनेमामुळे ‘डिअर जिंदगी रोड’ म्हणून ओळखला जाऊ लागला. पंचायतीने फोटो-शूटिंगवर शंभर ते पाचशे रुपये स्वच्छता कर लावून पाहिला, तर त्यावरच टीका झाली. पर्यटकाला वाटतं, रस्ता सगळ्यांचा आहे. ते खरंही आहे. पण रस्त्यावरचा कचरा मात्र पर्राचाच असतो.

सरकार जतन करतं तेव्हाही बोजा कुणावर तरी पडतो. आमच्या शेजारच्या साक्री तालुक्यात बळसाण्याची जुनी मंदिरं केंद्र सरकारच्या संरक्षणात आहेत, आणि असायलाच हवीत. पण २०१० सालच्या कायदादुरुस्तीनंतर अशा केंद्र-संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. देशाचा वारसा देशासाठी राखला जातो आणि त्याची किंमत भिंतीला भिंत लागून राहणारा भरतो. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

याच्या विरुद्ध बाजूचा सर्वात भक्कम युक्तिवाद जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने १८४९ साली मांडला. त्याचं म्हणणं असं, की जुन्या इमारती आपल्या नाहीतच. काही अंशी त्या बांधणाऱ्यांच्या आहेत आणि काही अंशी पुढे येणाऱ्या सगळ्या पिढ्यांच्या. म्हणून त्या पाडायचा अधिकार आपल्याला नाही. हे मला झटकून टाकता येत नाही. आप्पांची नातवंडं स्लॅबखाली उन्हाळे काढतील, कूलरशिवाय झोपू शकणार नाहीत, आणि आपण काय गमावलं हे त्यांना कळणारही नाही. त्यांच्या वतीने कुणी बोलायचं? मी बोलू शकतो. पण पुढच्या पिढीच्या नावाने बोलणं फार सोपं असतं, कारण ती येऊन हिशेब विचारत नाही. तिच्या वतीने बोलणाऱ्याने आज काही खर्च केला नाही, तर तो फक्त आपलीच आवड तिच्या तोंडी घालत असतो.

इथे मला इतिहासाचार्य राजवाडे आठवतात. वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाडेही प्रवासीच होते. गावोगाव हिंडायचे, लोकांच्या घरातल्या जुन्या दप्तरांचा शोध घ्यायचे. कितीतरी कागद वाळवीच्या आणि रद्दीच्या वाटेवर होते. राजवाड्यांनी ते मिळवले, नकलून घेतले, वाचले, छापले. १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड निघाले. दुसऱ्याच्या घरात शिरणारा हा माणूस कागद जपायचे कष्ट घरमालकावर टाकून निघून गेला नाही, स्वतःच्या अंगावर घेतले. बघायला आलेल्या माणसाचा हक्क कुठून येतो, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

आणि जे कुणीही मुद्दाम जपत नाही, तरी टिकतं, त्याचं काय? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. सुरतेत, पुण्यात, मुंबईत पांगलेली माणसं त्या दोन दिवसांसाठी गावी येतात. आधी घराला रंग लागतो, भाऊबंद जमतात, रोट होतात, रात्र जागवली जाते आणि सोमवारी विसर्जन. मिरवणुकीत आता डीजे असतो आणि जुनी माणसं त्यावर कुरकुरतात. तिकडे ‘हाई झुमकावाली पोर’सारखं अहिराणी गाणं रील्समधून देशभर पोचतं आणि माझ्या ऑफिसातला तमिळ सहकारी मला अर्थ विचारतो. त्या गाण्यांत जुन्या ओव्यांची खोली नाही, हे मान्य. पण शहरात अहिराणी बोलायला लाजणारी माझ्या वयाची पोरं त्यावर बिनधास्त नाचतात. कानबाई काय आणि हे गाणं काय, दोन्ही टिकतात कारण लोक त्यांचं काहीतरी करतात. त्यासाठी सुट्टी टाकतात, गर्दीच्या गाडीत उभ्याने येतात, पैसे घालतात.

आमच्या क्षेत्रातही असंच असतं. वीस वर्षांपूर्वीचा कोड सुंदर आहे म्हणून कुणी ठेवत नाही. त्यावर कुणाचंतरी काम चालतं आणि रात्री बंद पडला तर कुणीतरी उठतं, म्हणून तो राहतो. फरक इतकाच, की कोडची प्रत ठेवता येते. घराचा गारवा साठवून ठेवता येत नाही.

म्हणून मी ज्या मताला आलोय ते असं : जुन्या गोष्टीवरचा हक्क आवडीतून येत नाही, तिच्यासाठी उचललेल्या भारातून येतो. जितका भार उचलाल तितकं बोला. मी दरवर्षी जूनमध्ये आठ दिवस गावी राहून धाबं करून घेणार असेन, खर्च देणार असेन, तर आप्पांना ‘थांबा’ म्हणायचा मला अधिकार आहे. मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं. एखाद्या वर्षी जमेल. वीस वर्षं नाही जमणार.

सही मी करणार आहे. त्याआधी तीन गोष्टी मी स्वतःच्या खर्चाने करतोय आणि आप्पांनी त्याला होकार दिलाय. घराची खोली-खोलीनिशी मोजमापं घेऊन नकाशा काढायचा. धाबं कसं करतात हे गावातल्या एका जुन्या कारागिराकडून, त्याची मजुरी देऊन, अहिराणीतच रेकॉर्ड करायचं. आणि चांगली सागवानी लाकडं भंगाराच्या भावात न देता नव्या घराच्या दारा-खिडक्यांना वापरायची.

यातून घर वाचत नाही, हे मला माहीत आहे. पुढच्या मे महिन्यात आप्पांच्या नव्या घरात दुपारी दोन वाजता जे तापेल, त्याची भरपाई नकाशाने होणार नाही. पण काकूला जुलैत रात्रभर झोप लागेल. हे दोन्ही एकाच पारड्यात टाकून मोजता येत नाही, आणि मोजायचा काटा माझ्या हातात तर नक्कीच नसावा.