टिळकांनी पगार सोडला तेव्हा



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बारा प्रेषितांना पाठवतो आणि बजावतो, की तुम्हाला जे मोल न देता मिळाले ते मोल न घेता द्या (मत्तय १०:८). हे वाचताना मला आपल्याच धर्मग्रामातला एक तरुण आठवला. गेल्या हंगामात उसाच्या फडावर त्याला कोणी म्हणाले, "तुमचे आजे गव्हासाठी ख्रिस्ती झाले." त्याला उत्तर सुचले नाही. तो माझ्याकडे आला. खरे सांगायचे तर मलाही पटकन सुचले नाही.

मग मी त्याला रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गोष्ट सांगितली. टिळक आपल्या कॅथलिक मंडळीचे नव्हते, प्रॉटेस्टंट होते. पण आष्टीच्या पलीकडे अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) त्यांनी आयुष्याची बरीच वर्षे काढली, तेव्हा ते आपले शेजारीच. १८९३ साली आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचे मन धरले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गहू मिळणे दूरच, घर तुटले. नातलग दुरावले, पत्नी लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. त्या माउलीचे दुःख टिळकांच्या धैर्याच्या गोष्टीत आपण फार लवकर विसरतो. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या हुकमाने नव्हे, स्वतःच्या मनाने.

पुढे टिळक मिशनचे पगारी सेवक झाले. कीर्तने केली, अभंग रचले. पण लोक ऐकत आणि मनात म्हणत, हा पगारासाठी बोलतो. शेवटी १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्याशासारखे राहू लागले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उघडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला तिथे जागा होती. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाचा जॉर्ज फॉक्सही असाच गावोगाव फिरला. पगारी उपदेशक त्याला मान्य नव्हते, आणि तुरुंग तर त्याने कितीदा पाहिला. टिळकांना मात्र वेळ थोडाच मिळाला. ९ मे १९१९ रोजी ते देवाघरी गेले.

ही गोष्ट ऐकून तो तरुण म्हणाला, "फादर, टिळक बामण होते. आमचे आजे उपाशी होते." त्याचे बरोबर आहे. दुष्काळात कोणी धान्य दिले आणि ते घेतले, तर त्यात लाज कसली? प्रभूनेही पाच हजारांना आधी जेवू घातले. आणि भाकरीबरोबर त्यांना आणखी एक गोष्ट मिळाली. वेशीबाहेर राहणाऱ्याला कोणी 'भाऊ' म्हणून हाक मारली. भाकर संपली, ती हाक धरून ते तीन पिढ्या टिकले.

टिळकांचा प्रश्न खरे तर त्याच्यापेक्षा मला जास्त बोचतो. मी तुमच्या दानावर जेवतो. तुमच्या दारी मी येतो तो कशासाठी, हे तुम्ही मला विचारले पाहिजे.

त्या तरुणाला मी लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' वाचायला दिले आहे. अजून अर्धेच झाले आहे. दिवाळीनंतर फडावर जाताना बरोबर नेईन म्हणतो.